पहिले चार बाइट

वर्ध्याच्या एका कॉलेजात मी कम्प्युटर लॅबचा तंत्रज्ञ होतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. लॅबमध्ये माझ्यासोबत एक ऑपरेटर बाई होत्या, आर्वीच्या, कंत्राटी. मुलांचे अंतर्गत गुण त्या भरायच्या. काम चोख, बोलणं मोजकं.

एका सत्रात विभागप्रमुखांचा पासवर्ड वापरून कोणीतरी काही मुलांचे गुण वाढवले. चौकशी बसली. बाईंच्या मशीनवर वर्डच्या म्हणून ठेवलेल्या तीन फाइली सापडल्या, पण वर्डमध्ये त्या उघडेनात. प्राचार्यांनी मला बोलावलं. “या कशाच्या आहेत, तेवढं शोधून द्या.”

फाइलीचं नाव कोणीही बदलू शकतो. पण बहुतेक फाइलींच्या सुरुवातीच्या बाइटांत त्यांची ओळख असते. फोटोची खूण वेगळी, वर्डची वेगळी. फाइलीतले बाइट जसेच्या तसे दाखवणाऱ्या हेक्स एडिटरमध्ये मी पहिली फाइल उघडली. सुरुवातीलाच होतं डी४ सी३ बी२ ए१. म्हणजे नेटवर्कवरून जाणारी-येणारी माहिती टिपून ठेवलेली फाइल. उरलेल्या दोन्ही तशाच. चार बाइटांवरून ओळखलं म्हणून मी स्वतःवर खूश झालो. हे सांगायची आज लाज वाटते.

मग त्या फाइली योग्य प्रोग्राममध्ये उघडून वाचल्या. विभागप्रमुखांचा पासवर्ड त्यात सरळ दिसत होता. प्रत्येक नोंदीवर वेळही होती. तिन्ही फाइली ज्या आठवड्यात टिपल्या, तो सगळा आठवडा बाई बहिणीच्या लग्नासाठी रजेवर होत्या. त्या दिवसांत लॅबची किल्ली दोघांकडे होती. एक मी. दुसरे एक प्राध्यापक, संस्थेच्या सचिवांचे भाचे.

समितीपुढे मी हे तोंडी सांगितलं. समितीतल्या एका सदस्यांनी चष्मा काढला.

“तुम्हाला काय विचारलं होतं?”

“फाइली कशाच्या आहेत.”

“मग तेवढंच लिहा. वेळबिळ आम्ही बघू.”

मी तेवढंच लिहिलं. तीन ओळी, खाली सही. तारखांबद्दल एक शब्द नाही. माझ्या अहवालाच्या आधारे ठरलं, की बाईंच्या मशीनवर पासवर्ड चोरणाऱ्या फाइली होत्या. त्यांचं कंत्राट संपवलं. जाताना त्यांनी टेबलाच्या खणातला आपली पाण्याची बाटली घेतली आणि माझ्याकडे न बघता निघून गेल्या. पुढे ते भाचे विभागप्रमुख झाले. माझ्या रजेच्या अर्जावर त्यांचीच सही लागायची, आणि मी ती निमूटपणे घेत राहिलो.

दोनेक वर्षांनी आर्वीच्या बस स्टँडवर बाई भेटल्या. आता गावातच एका झेरॉक्सच्या दुकानात टायपिंग करते, असं त्यांनी सांगितलं. चहा घेता का, असं मीच विचारलं. त्या नको म्हणाल्या.

“भाऊ, मी तवा रजेवर होती, हे तुमाले माहीत होतं ना?”

“होतं.”

“मंग लिहलं काऊन नाई?”

“नोकरी जाईल असं वाटलं.”

“माही तर गेली,” त्या म्हणाल्या. आवाज चढला नाही.

वर्ध्याची गाडी लागली होती. मी चढलो. खिडकीतून पाहिलं तेव्हा त्या पाठमोऱ्या बाजाराकडे चालल्या होत्या. त्या अहवालाची एक प्रत माझ्या घरी कपाटात आहे. फाइलींबद्दल त्यात लिहिलेलं सगळं अगदी बरोबर आहे.