चिंचोक्यांवर चालणारा फुटबॉलचा मोंढा

रिकामी माणसं रोज एका जागी बसली की किस्से साचतातच. घरी सांगायला कुणी नसलं, की जरा जास्तच साचतात. आमची जागा म्हणजे मुरुम गावच्या मोंढ्यातलं, धान्यबाजारातलं, अप्पांचं बंद पडलेलं अडत दुकान. अप्पा, ड्रायव्हरकी सोडलेले पठाणमामा, रिटायर गुरुजी आणि मी, एसटीचा माजी कंडक्टर. चौघांच्याही घरात बोलणारा म्हणजे टीव्ही!

*

अप्पांचा महेश जपानला इंजिनिअर. त्यानं एकदा फोनवर सांगितलं, परदेशात लोक मॅचच्या निकालाचेच सौदे करतात. अप्पांना लगेच कळलं. "म्हंजी मोंढाच की! सोयाबीनच्या जागी ब्राझील!"

दुसऱ्या दिवशी चिठ्ठ्या तयार. ज्या टीमची चिठ्ठी ती जिंकली, तर विकणाऱ्यानं घेणाऱ्याला शंभर चिंचोके द्यायचे. नाही जिंकली, तर चिठ्ठी चुलीत. चिठ्ठी साठ चिंचोक्यांना गेली, तर समजायचं, आम्हांला त्या टीमची आशा शंभरात साठ आहे. पैशाला हात लावायचा नाही, ही गुरुजींची अट.

*

ब्राझील ऐंशीला गेलं आणि हरलं. पठाणमामा खवळले. "ऐंशी म्हनत होते ना सगळे? धोका झाला!"

"मामा, वीस उरले होते की," अप्पा म्हणाले. "ते काय शोभेला होते?"

*

एकदा गुरुजींनी पेपरातून एक मॅच शोधून काढली. संध्याकाळभर भाव वरखाली. मामा तर घसा बसेपर्यंत ओरडले. सकाळी कळलं, पेपर शिळा होता आणि ती मॅच कधीच संपली होती! आम्हांला ते सांगणारं कुणी नव्हतं. गुरुजी मात्र गंभीर. "भाव मॅचचा नसतो. आपल्याला काय ठावं हाय, त्याचा असतो."

*

जपानची मॅच असली की अप्पा येईल त्या भावात चिठ्ठ्या घेत.

"अप्पा, तुमच्यामुळंच भाव चढायलाय!" मी म्हणालो.

"चढू दे. जपान जिंकलं की महेशचा फोन येतो."

जपान जिंकलं. अप्पांनी दिवसभर मोबाइल मांडीवर ठेवला, जेवतानासुद्धा. संध्याकाळी व्हॉट्सअॅपवर नुसता एक अंगठा आला. "कामात आसंल," म्हणत त्यांनी तो आम्हां सगळ्यांना दाखवला. मला फार वाईट वाटलं. माझ्या पोरीचा तर अंगठाही येत नाही.

*

महेश दिवाळीला येणार, असं अप्पा गणपतीपासून सांगत होते. घराला रंग दिला, नवी गादी भरून घेतली. वसुबारसेला मामांनी पुकारा केला, "आज मॅच न्हाय! आज महेशची चिठ्ठी. येनार!"

अप्पांना बरं वाटावं म्हणून आम्ही भाव चढवतच नेला. पन्नास, सत्तर, नव्वद! मला वाटलं, अप्पा स्वतःच सगळ्या घेतील. पण ते विकत राहिले. मामांनी मागितली, दिली. गुरुजींनी मागितली, दिली. मी तर चिंचोक्यांची पिशवीच उलटी केली.

"अप्पा, एखादी तुमाला तरी ठेवा की!" मामा म्हणाले.

अप्पांनी शेवटची चिठ्ठी माझ्या हातावर ठेवली.

"नगं. दुपारी त्याचा फोन आलता."