‘कल आना’वाल्या माई

“काही पुसायचंय, की सहज?”

दारात कुणीही उभं राहिलं की माईंचं पहिलं वाक्य हे. त्या कधी ‘विचारत’ नसत, ‘पुसत’ असत. सासरची मंडळी देवास संस्थानाच्या धाकट्या पातीच्या दरबारात कारभार सांभाळायला आली, तेव्हा जी मराठी सोबत आली तीच माईंच्या घरात अजून नांदत होती. सहज आलो म्हटलं की चेहरा खुलायचा. काम आहे म्हटलं की पाण्याचा तांब्या पुढे यायचा आणि हुकूम सुटायचा, “पाणी आत घ्या. पुसायचं ते बाहेर ओट्यावर पुसा.” आधी पाहुणचार घ्यायचा आणि मग हळूच काम काढायचं, असल्या माणसांचा त्यांना मनस्वी राग होता.

माझी त्यांची ओळख एका समितीमुळे झाली. आमच्या विद्यापीठात कुणाला माणसांवर संशोधन करायचं असेल, म्हणजे कुणाचं रक्त घ्यायचं असेल किंवा कुणाला घरातल्या गोष्टी विचारायच्या असतील, तर आधी या समितीची परवानगी लागते. समितीत एक माणूस बाहेरचा असावा लागतो, ना डॉक्टर, ना संशोधक. माई मुलींच्या शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झालेल्या. माहेर धारचं, नोकरीची सुरुवात अमझेऱ्याला, बाकी सगळी हयात देवासात. त्यांना कुणीतरी आणून बसवलं. मी समाजशास्त्र शिकवतो आणि या समितीचा सचिव आहे. सचिव म्हणजे बैठकीला माणसं गोळा करणारा, कचोरी मागवणारा आणि सगळ्यांच्या शिव्या खाणारा. या कामात यश म्हणून काही नसतंच. परवानगी दिली तर समिती झोपा काढते, अडवली तर समिती संशोधनाच्या मुळावर उठली आहे. इतकी वर्षं हे केल्यावर माणसाच्या चेहऱ्यावर एक कायमची मरगळ येते. माझ्याही चेहऱ्यावर आली आहे, बायको रोज सांगते.

माई मला नावाने हाक मारत नसत. “काय सेक्रेटरी, आज कुणाला पिडायचं आहे?” असं म्हणत खुर्चीत बसायच्या, चष्मा पुसायच्या, आणि प्रत्येक संशोधकाला एकच गोष्ट विचारायच्या. “या माणसाला मधेच उठून जायचं असेल तर वाट कुठून आहे?” संशोधक नियम वाचून दाखवायचा, की सहभाग ऐच्छिक आहे, कधीही बाहेर पडता येईल. माई ऐकून घ्यायच्या आणि म्हणायच्या, “ते झालं. पण वाट कुठून आहे?”

त्यांचं म्हणणं काय होतं, ते मला सोनकच्छकडच्या एका गावात कळलं. एका प्राध्यापकांचा बायकांच्या आजारपणावरचा अभ्यास चालू होता. तो नीट चालला आहे का, हे पाहायला माई आणि मी गेलो होतो. घरातल्या बाईने खाट टाकली, पाणी दिलं, चहा ठेवला. मग प्राध्यापकांच्या सहायकाने कागद काढून सगळं समजावलं, अगदी शिस्तीत. बाई पदर सावरत म्हणाली, “हाँ सा, पूछो.” अंगठा झाला, प्रश्न झाले. बाळंतपणाचे, पडलेल्या गर्भाचे, नवऱ्याचे. मला कुठेही काही चुकलेलं दिसलं नाही. निघताना ती बाई रिवाजाप्रमाणे गावाच्या वेशीपर्यंत पोचवायला आली. तिथे माईंनी तिला हळूच पुसलं, सांगायचं नव्हतं तर नाही का म्हणाली नाहीस? ती हसली. म्हणाली, “घरे आया पामणा के नी कैसे बोलां, बेनजी?” घरी आलेल्या पाहुण्याला नाही कसं म्हणायचं.

परतताना देवासची टेकडी दिसायला लागली तेव्हा माई म्हणाल्या, “सेक्रेटरी, आपण माळव्यात आहोत हे आपली समिती विसरली. इथे पाणी दिलं की देणारा बांधला जातो. ज्याच्या हातात आपण पेला दिला, त्याला त्या दिवशी नकार देता येत नाही.”

पुढच्या बैठकीत त्यांनी नियमच मांडला. पहिल्या दिवशी जा, पाणी प्या, काय करायचं आहे ते सांगा आणि या. होकार त्या दिवशी घ्यायचा नाही. दुसऱ्या दिवशी परत जा, घरात शिरू नका, बाहेर उभ्याउभ्या पुसा. बैठकीत गदारोळ झाला. एक प्राध्यापक हात जोडून म्हणाले, “माई, ये तो सरकारी दफ्तर हो गया! कल आना, परसों आना!”

“दफ्तरात लोक आपल्याकडे येतात हो,” माई म्हणाल्या. “इथे आपण लोकांच्या घरी जातोय.”

नियम झाला आणि त्यांचं नाव पडलं, ‘कल आना’वाल्या माई. हाटपिपल्यापासून अमझेऱ्यापर्यंत आमचे विद्यार्थी दोन-दोन खेपा घालू लागले आणि माझ्याकडे येऊन रडू लागले. दुसऱ्या दिवशी दाराला कुलूप असायचं. ज्या आजीने काल ताटभर वाढलं होतं, ती आज शेतावर गेलेली असायची. “भिया, मैडम से बोलो ना कुछ,” असं पोरं विनवायची. मी माईंकडे गेलो, ओट्यावर बसून गाऱ्हाणं घातलं. त्या म्हणाल्या, “कुलूप हेच उत्तर आहे. आणि तिसऱ्या दिवशी जायचं नाही. तिसऱ्या दिवशी गेलात तर ते पुसणं नव्हे, ते छळणं.” मला नियम पटत होता आणि त्याचा कंटाळाही येत होता. दोन्ही एकदम होऊ शकतं.

नंतर एकदा विसराळूपणाचा आजार जडलेल्या म्हाताऱ्यांवरचा अभ्यास समितीपुढे आला. अशा माणसाच्या वतीने मुलाने सही केली की चालतं, असं कायदा जाणणारे सभासद म्हणाले. माई म्हणाल्या, “मुलाची सही घ्या. पण म्हाताऱ्याने हात मागे घेतला, की तिथेच थांबायचं.” कुणीतरी हसून म्हणालं, ज्याला स्वतःच्या मुलाचं नाव आठवत नाही, त्याचं ‘नको’ काय धरायचं? माई चिडल्या नाहीत. “नाव सगळ्यात वरचं असतं, ते आधी गळतं. ‘नको’ फार तळाशी असतं. लेकरू बोलायच्या आधी तोंड फिरवतं, ते काय असतं?” तेही वाक्य नियमांत गेलं.

आणि मग माईच विसरू लागल्या. आधी चष्मा, मग बैठकीचा वार, मग बैठक. मला काही दिवस सेक्रेटरी म्हणायच्या, नंतर नुसतं “अहो” म्हणू लागल्या. त्यांचा मुलगा अनंत देवासातच असतो. त्याने आईसाठी इंदूरला किती हेलपाटे घातले, ते मी पाहिलं आहे. त्याच सुमाराला रश्मी नावाच्या एका तरुण डॉक्टरचा अभ्यास मंजूर झाला. या कामाचं शिक्षण घेतलेली मुलगी आठवड्यातून दोनदा घरी येणार, व्यायाम आणि खेळ करून घेणार, मोठे डॉक्टर नियमाने तपासणार. आजाराचा वेग कमी होईल अशी आशा होती. आशाच, पण अनंतकडे तेवढीही नव्हती. त्याने मला फोन केला, “सर, तुम्ही सोबत या. तुम्ही असलात की आईला बरं वाटतं.”

गेलो. “काही पुसायचंय, की सहज?” आम्ही गडबडलो, आत शिरून बसलो. माईंनी सगळ्यांना पाणी दिलं, रश्मीला बेसनाचा लाडू दिला. रश्मीने खाली बसून सोप्या शब्दांत सगळं सांगितलं. माई तिच्या गालावरून हात फिरवत म्हणाल्या, “हो हो, करा की. का नाही करायचं?” अनंतने पेन काढलं. त्याच्या चेहऱ्यावर कित्येक दिवसांनी थोडं हसू आलं होतं.

“उद्या,” मी म्हणालो.

“सर, यहाँ भी कल आना?” अनंतला वाटलं मी थट्टा करतोय.

दुसऱ्या दिवशी माई ओट्यावर उन्हाला बसल्या होत्या. आम्ही खालीच उभे राहिलो. रश्मीने तेच पुन्हा सांगितलं, तितक्याच मायेने. माईंनी तिच्याकडे बराच वेळ पाहिलं. मग दोन्ही हात पदराखाली घेतले.

“नको.”

“माई, मैं बस खेलने आऊँगी आपके साथ.”

“नको हो बाई. मला आता कुणी काही पुसू नका.”

अनंत पायरीवर बसला. “तिला काय कळतंय, सर? काल हो म्हणाली, आज नको. कालचं धरा ना. मी मुलगा आहे, मी सही करतो.” रश्मीने माझ्याकडे पाहिलं. कालचा होकार धरला असता तर कुणाला पत्ता लागला नसता, आणि कदाचित माईंना चार महिने जास्त आम्ही आठवलो असतो. “कल फिर आ जाऊँ, सर?” तिने विचारलं. त्या एका क्षणी मला त्या समितीचा, त्या नियमाचा आणि माझ्या सचिवपणाचा जितका वीट आला, तितका कधी आला नव्हता. मी नाही म्हणालो. तिसऱ्या दिवशी जायचं नसतं.

“जीत गई आपकी कमेटी,” अनंत म्हणाला. “आई माझी जातेय.” त्यानंतर तो माझ्याशी बोलेनासा झाला. मी त्याला दोष देत नाही. मी बरोबर केलं का, हे मला आजही ठाऊक नाही. माई असत्या तर त्यांनाच पुसलं असतं.

गेल्या हिवाळ्यात माई गेल्या. समितीत त्यांच्या खुर्चीवर आता दुसरे एक सद्गृहस्थ बसतात, कचोरी आवडीने खातात आणि कशालाच हरकत घेत नाहीत. नवे विद्यार्थी विचारतात, दोन खेपा कशाला? मी थकल्या आवाजात सांगतो, पाणी पिऊन या, उद्या परत जा. सोनकच्छच्या त्या बाईची गोष्ट सांगायचं त्राण दरवेळी उरलेलं नसतं.

ओट्यावरच्या त्या सकाळनंतरही मी माईंकडे जात राहिलो होतो. अनंत दार उघडायचा आणि न बोलता आत जायचा. शेवटचा गेलो तेव्हा त्यांनी मला मुळीच ओळखलं नाही. परका माणूस पाहून हात पदराखाली गेले. ओठ जरा वेळ नुसतेच हलले, मग शब्द सापडले. “काही पुसायचंय?”

“नाही माई. सहज आलोय.”

“सहज?”

“अगदी सहज.”

त्यांनी माझा चेहरा नीट निरखला. मग सावकाश दोन्ही हात पदरातून बाहेर काढले, मांडीवर ठेवले, आणि माझ्यासाठी थोडं सरकून जागा केली.