खिडकीजवळचं टेबल, दोघींसाठी

माझी मुलगी एकटी जेवते आणि त्याचा तिला पगार मिळतो. कुणी विचारलं तर मी एवढंच सांगते. पोरगी वाइन चाखते हे सांगताना आईचा आवाज जरा खाली येतोच, कितीही शिकलेली असली तरी.

घरात तिला आम्ही नाकुली म्हणायचो. नाक मोठं नव्हतं, तिखट होतं. दूध नासणार हे तिला आदल्या दिवशी कळायचं. तिचे बाबा पातेलं तिच्यापुढे धरून न्यायाधीशासमोर उभं राहावं तसे गप्प राहायचे. ती वास घ्यायची आणि सांगायची, "आज चालेल. उद्या नाही." पुढे रसायनशास्त्र शिकली, एका प्रयोगशाळेत लागली, तिथे कंटाळली आणि एक दिवस फोनवर म्हणाली, "आई, मला नाकाची नोकरी मिळाली." बाबा माझ्या शेजारून ओरडले, "चला! नाकाने कांदे सोलायचे पैसे देणारंही कुणी निघालं!"

एक संस्था दरवर्षी चांगल्या रेस्टॉरंटांची निवड करून पुस्तक काढते. जेवण तपासायला वेगळी माणसं, नाकुलीकडे फक्त वाइनची यादी. मला वाटायचं, यादीत काय तपासायचं, वाचायची आणि मिटायची. पण जाडजूड यादी म्हणजे चांगली यादी नव्हे. स्वयंपाकघरात सगळे मासे आणि यादीत सगळ्या मटणाबरोबरच्या दणकट वाइन, म्हणजे ती यादी नुसती मिरवायला. छापलेली बाटली खरंच तळघरात आहे का, पेल्याने विकतात ती आज उघडली की परवा, हे सगळं बघायचं. तिची आवडती परीक्षा मात्र वेगळीच. यादीतल्या सगळ्यात स्वस्त वाइनबद्दल विचारायचं. सांगणाऱ्याने नाक मुरडलं की गुण कापले.

आणि या सगळ्याच्या वर एक नियम. चाखायचं आणि थुंकायचं. "गिळलं की धंदा संपला, आई. तिसऱ्या पेल्यानंतर जीभ खोटं बोलायला लागते, आणि ते तिचं तिला कळत नाही." परीक्षक कोण हे रेस्टॉरंटला कळू द्यायचं नसतं, त्यामुळे चारचौघांत थुंकता येत नाही. म्हणून तिच्या पर्समध्ये एक काळा कप असतो, बाहेरून आतलं न दिसणारा. घशासाठी कोमट पाणी लागतं असं सांगून तो ताटाशेजारी ठेवायचा. वाइनचा घोट घ्यायचा, जरा वेळाने पाणी प्यायच्या निमित्ताने कप तोंडाला लावायचा आणि घोट त्यात सोडून द्यायचा.

ही युक्ती तिला शिकवली ती तिच्याबरोबर कामावर जाणाऱ्या, मुरलेल्या परीक्षक बाईंनी. नाकुली त्यांना ताई म्हणायची. कितीतरी वर्षं दोघी एका टेबलावर जेवल्या. एकीने वेटरला बोलण्यात गुंतवायचं, तेवढ्यात दुसरीने थुंकून घ्यायचं. ताई निवृत्त झाल्या तेव्हा संस्थेने खर्चाचं कारण सांगून दुसरी खुर्चीच रद्द केली.

तेव्हापासून आमचे फोन असे व्हायचे.

"जेवलीस का?"

"जेवतेच आहे."

"कोण आहे बरोबर?"

"तळं आहे."

कधी डोंगर असायचा, कधी समुद्र. खोटी ओळख घेऊन जाणाऱ्या माणसाला वेटरशीसुद्धा मैत्री करता येत नाही. तिचे बाबा गेल्यापासून मी फोन जरा जास्तच करते, आणि ती प्रत्येक वेळी मला देखावा सांगते.

या महिन्यात मी तिच्याकडे राहायला आले. स्वच्छ घर, नको इतकं स्वच्छ. भांड्यांच्या जाळीत एकच ताटली, एकच चमचा. जेवणाच्या टेबलाला दोन खुर्च्या, पण दुसरीवर पार्सलची रिकामी खोकी रचलेली.  मी दोनदा जेवण पलंगावर बसून केलं.

मग ती म्हणाली, "आई, शुक्रवारी कामावर चल माझ्याबरोबर. तळ्यावरचं रेस्टॉरंट आहे. तिथे खिडकीचं टेबल एकटीला देत नाहीत."

"मी काय करायचं?"

"ताई करायच्या ते. बोलायचं."

"ते मला जमेल," मी म्हणाले.

"माहीत आहे," ती म्हणाली आणि खूप दिवसांनी हसली.

टेबल खोट्या नावाने घेतलं होतं. दारातल्या मुलीने त्या नावाने आमचं स्वागत केलं, तर कोण आलं म्हणून मी मागे वळून पाहिलं. नाकुलीने माझा दंड धरला. "आई, त्या बाई आपणच."

कड्याच्या टोकावर ती इमारत, एका बाजूला जमिनीपासून छतापर्यंत काच आणि खाली तळं. ऊन कलत होतं. मी संत्र्याचा रस मागवला. यादी हातात घेताना नाकुलीची पाठ ताठ झाली, परीक्षेला बसायची तेव्हा व्हायची तशी. तिने पानं उलटली, मागे गेली, पुन्हा पुढे आली. मग वाइन सांभाळणाऱ्या माणसाला बोलावलं. पांढऱ्या केसांचा, हलक्या पावलांनी चालणारा माणूस. तिने सगळ्यात स्वस्त वाइनबद्दल विचारलं आणि त्याचा चेहरा खुलला.

"ती मी स्वतः जाऊन निवडली आहे, मॅडम. लहानसा मळा आहे, बाप आणि मुलगी दोघंच राबतात. तुम्ही मासे घेताय ना? मग हीच घ्या. वरची महागडी उगाच नका घेऊ."

तो गेल्यावर ती हळूच म्हणाली, "अशी माणसं फार थोडी भेटतात गं. याला पुस्तकात जागा मिळाली तर मालक त्याला मनासारखी यादी करू देईल. नाही मिळाली तर पुढच्या वर्षी सगळ्या मिरवायच्या बाटल्या येतील. नीट चाखायला हवं."

पेले एकामागून एक येऊ लागले आणि मी माझं काम चोख केलं. वेटरला तळ्यात मासे आहेत का विचारलं, हिवाळ्यात पाणी गोठतं का विचारलं. "दिवसभर असे उभे असता, पाय दुखत नाहीत? आईला माहीत आहे का तुमच्या?" तो बिचारा हसून उत्तरं देत होता. डोळ्याच्या कोपऱ्यातून मला काळा कप वर जाताना दिसायचा. मनात म्हणायचे, वा, काय जोडी जमली आहे आमची.

मग पावाचा कडक तुकडा माझ्या घशात अडकला. माझा पाण्याचा पेला वेटरने भरायला नेला होता. डोळ्यांत पाणी आलं आणि मी हाताला लागेल ते उचललं. काळा कप.

"आई, तो..." नाकुलीचा हात पुढे आला.

माझ्याही लक्षात आलं, पण तोवर कप ओठाला लागला होता. म्हटलं, उष्टंच ना? लहानपणी हिने अर्धवट चावून थुंकलेलं मी मुकाट्याने खाल्लंय. डोळे मिटून गिळलं.

पाणी होतं. कोमट, स्वच्छ पाणी, काठोकाठ भरलेलं.

आधी सुटल्यासारखं वाटलं. मग मी तिच्यापुढचे चार पेले पाहिले. चारही रिकामे.

"पाणी आहे," मी म्हणाले.

"पाण्याचाच कप आहे तो."

"नाकुली."

ती काचेकडे बघत राहिली. बाहेर अंधारत चाललं होतं, त्यामुळे काचेत आता तळं कमी आणि आम्ही दोघी जास्त दिसत होतो.

"एकट्या बाईकडे सगळ्यांचं लक्ष असतं गं," ती म्हणाली. "सारखे येऊन विचारतात, सगळं ठीक ना, काही हवं का. थुंकायला सवड मिळत नाही. एकदा गिळला एक घोट. म्हटलं, एका घोटाने काय होतंय. मग ते बरं वाटायला लागलं. समोर कुणी नाही हे मग तितकं..."

"आज तर मी होते बोलायला."

"हो. येताना ठरवलं होतं की आज थुंकायचं. पहिल्या पेल्याला लक्षातही होतं."

तेवढ्यात तो पांढऱ्या केसांचा माणूस आला. "तिसरी कशी वाटली, मॅडम? तिच्याबद्दल मला फार उत्सुकता आहे."

दुधाच्या पातेल्यावर वाकायची तेव्हाचा तिचा चेहरा मला पाठ आहे. तो चेहरा तिने केला. मी वाट पाहिली, त्या माणसानेही पाहिली.

"छान होती," नाकुली म्हणाली.

तो वाकून आभार मानून गेला. माझ्या मुलीने उभ्या आयुष्यात कशालाच नुसतं छान म्हटलं नव्हतं, साध्या दुधालासुद्धा नाही.

"मला तिसरी आठवत नाहीये, आई."

मी टेबलाखाली हात पुढे केला आणि तिने गाडीची किल्ली माझ्या हातावर ठेवली. भांडली असती तर बरं वाटलं असतं. आम्ही टॅक्सीने घरी आलो.

आज सकाळी तिने कार्यालयात फोन केला. मी बाहेर जायला निघाले तर म्हणाली, "थांब इथेच."

"यादीचे गुण मी देऊ शकत नाही," ती फोनवर सांगत होती. "नाही, यादी चांगली असावी. परीक्षक चांगला नव्हता. ... मी थुंकत नाही. ... बरेच महिने." तिने एका हाताने पडदा घट्ट धरला होता. मग म्हणाली, "दुसरं कुणी पाठवा. त्या माणसाचं माझ्यामुळे नुकसान नको. आणि मला पाठवायचं असेल तर दुसरी खुर्ची द्या."

विचार करून सोमवारी कळवतो म्हणाले. दुसऱ्या खुर्चीचं अवघड आहे, असंही म्हणाले. नोकरीचं काय, ते ना त्यांनी सांगितलं ना तिने विचारलं.

ती अंघोळीला गेली तेव्हा मी टेबलाजवळची खोकी उचलून भिंतीशी लावली आणि खुर्ची पुसली. माझं परतीचं तिकीट रविवारचं आहे. ते पुढे ढकलेन, पण किती ढकलणार? मी गेल्यावर ती खोकी पुन्हा तिथे येऊन बसतील का, हे मघापासून डोक्यात घोळतंय. आता रात्र झाली आहे, पलीकडच्या खोलीत ती झोपली असेल अशी आशा आहे.

सकाळी अंघोळ करून ती केस पुसत बाहेर आली आणि थबकली. "खोकी का काढलीस?"

"बसायला."

"कोण बसणार आहे?"

म्हटलं, आत्ता तरी मी. आणि बसले.