न दिलेली ओ

तात्या परदेशात कसे हरवले, ही गोष्ट आमच्या पिंपरी पेंढारमध्ये लहान पोरांनाही पाठ आहे. मीच सांगितलेली. लग्नाच्या पंगतीत, पॅकहाउसवर पेट्या भरताना, चहाच्या टपरीवर, जिथे चार माणसं भेटली तिथे सांगितली. नक्कल करून सांगितली. लोक पोट धरून हसले. पण त्यातला एक तुकडा मी दर वेळी गाळत आलोय. बायकोलाही तो माहीत नाही. आज तो तुमच्यापुढे ठेवायला बसलोय.

मी भित्रा आहे — हे आधी सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्हाला नवल वाटणार नाही. आमच्याकडे ऊस आहे, म्हणजे बिबट्या आहे. दिवस मावळला की कुणी एकटं निघत नाही, आणि निघावंच लागलं तर हाका मारत निघतं. ज्याच्या कानावर हाक पडेल त्याने ओ द्यायची. बांधावरून कोर्टात गेलेले भाऊसुद्धा त्या वेळेला एकमेकांना ओ देतात. आणि तिन्हीसांजेला उघड्यावर खाली बसायचं नाही. बसलेला माणूस त्या जनावराला शेळीएवढा दिसतो. उभं राहायचं, हात वर करायचे, टाळ्या वाजवायच्या. हे कुणी शिकवत नाही, घरात शिरताना चपला काढाव्यात तसं ते अंगातच असतं.

शाळा सुटल्यावर मी एसटीने फाट्यावर उतरायचो. तिथून घरापर्यंत दोन्ही बाजूंना ऊस. माझे पाय जागचे हलायचे नाहीत. मी हाक मारायचो, "तात्याऽऽ". तात्या म्हणजे वडिलांचे चुलतभाऊ, शेजारच्या मळ्यातले. तिकडून लगेच आवाज यायचा, "ओऽऽ, ये इलास, ये, मी हाये हितं." मी अंगणात पाऊल टाकेपर्यंत तो आवाज थांबायचा नाही. एकदा ते तापाने फणफणले होते, तरी घोंगडी पांघरून बांधावर येऊन उभे राहिले होते. त्या आवाजावर मी शाळा शिकलो, असं म्हटलं तरी चालेल.

शिकलो, शेतकऱ्यांच्या एका कंपनीत लागलो, द्राक्षं परदेशी पाठवायचं काम बघू लागलो. काही वर्षांपूर्वी रॉटरडॅमच्या खरेदीदाराने बैठकीला बोलावलं. आधीच्या हंगामात माल खराब पोचल्याची तक्रार होती, पुढे आमच्याकडून घ्यायचा की नाही हे ठरायचं होतं. ऑफिसचा एक माणूस आणि एक बागायतदार या, असा निरोप होता. द्राक्ष बागायतदार म्हणून सगळ्यांनी तात्यांचं नाव घेतलं. तोवर तात्यांचा लांबचा प्रवास म्हणजे श्रावणातलं भीमाशंकर. विमानात त्यांनी माझं मनगट धरलं, ते उतरेपर्यंत सोडलं नाही. मला त्याची लाज वाटली — बघा, तेव्हापासूनच.

त्यांचा पासपोर्ट मी माझ्याकडे ठेवला. तुम्ही हरवाल, म्हणालो. त्यांचा फोन तिकडे चालत नव्हता. हे दोन्ही लक्षात ठेवा.

पहिल्या दिवशीची बैठक बरी झाली. बाकीचं दुसऱ्या दिवशी सकाळी ठरणार होतं. दुपारनंतर आम्ही मोकळे. असं शहर मी कधी पाहिलं नव्हतं. रस्त्यांतून पाणी, पाण्यावर पूल, उंच उंच काचेच्या इमारती, आणि वारा असा की कानशिलं बधिर व्हावीत. मला ते सगळं बघायचं होतं. आणि तात्या? माकडटोपी, तिच्यावरून मफलर, कोटाच्या आतून डोकावणारा सदरा. फळांचं दुकान दिसलं की थांबायचे, द्राक्षाचा घड उचलून उजेडात धरायचे, दुकानदाराकडे बघून हसायचे. लोक वळून बघत होते. बघत होते का खरंच? की मलाच तसं वाटत होतं? काही असो, मला अंगावर मुंग्या चढल्यासारखं झालं होतं.

एका मोठ्या पुलाच्या तोंडाशी बाक होता. मी म्हणालो, तात्या, तुम्ही दमलात, इथे थांबा, अजिबात हलू नका, मी लगेच येतो. ते म्हणाले, "जा, पर उजेड हाये तवर ये रं." मी हो म्हणालो आणि पूल ओलांडला.

किती हलकं वाटलं म्हणून सांगू. फोटो काढले. कॉफी प्यायलो. अनोळखी गल्ल्यांतून खिशात हात घालून, इथलाच असल्यासारखा हिंडलो. तात्यांची आठवण आली नाही असं नाही. आली, आणि मी ती बाजूला सारली. तिकडे हिवाळ्यात अंधार कसा अचानक पडतो, याचा मला अंदाज नव्हता. परतलो तेव्हा दिवे लागले होते.

पूल उतरायच्या आधीच मला हाक ऐकू आली.

"इलासऽऽ... ओ इलासऽऽ."

त्या शहरात माझं नाव. गावाकडे मळ्यातून येते तशीच लांबवलेली हाक. मी पुलाच्या शेवटच्या खांबाशी थांबलो. तात्या बाकापाशी उभे होते. दोन्ही हात वर केलेले. मधेच टाळ्या वाजवत होते, मग वळून दुसऱ्या बाजूला तोंड करून हाक मारत होते. येणारे-जाणारे त्यांना लांबून वळसा घालून जात होते. एका बाईने पोराला जवळ ओढलं. आणि दोन पोलीस सायकलवरून उतरून त्यांच्याकडे चालले होते.

पोलिसांनी त्यांना बाक दाखवला, बसा अशी खूण केली. तात्या बसेनात. तिन्हीसांज झाली होती ना, ते कसे बसतील? एकाने त्यांच्या खांद्यावर हात ठेवून बसवायला पाहिलं, तसे तात्या आणखी ताठ झाले, मान उंच करून पुन्हा ओरडले. तो हात दांडगाईचा नव्हता, हे मला दिसत होतं. पण तात्यांना काय कळणार? दुसरा पोलीस कागद मागत असावा. तात्या कोटाचे खिसे चाचपत होते. कागद माझ्या खिशात होता. आम्हा दोघांच्या मधे एक रस्ता होता, बस.

मला एवढंच करायचं होतं — ओ द्यायची. एक अक्षर.

मी दिली नाही.

मला वाटलं, मलाही धरतील. वाटलं, या म्हाताऱ्याला थंडीत सोडून कुठे होतास, असं विचारतील. बैठकीचा विचार आला का? गावच्या मालाचा? नाही हो. तो मी नंतर शोधून काढला, स्वतःला सांगायला. त्या क्षणी घशात फक्त भीती होती, आणि तिच्या खाली आणखी एक वाईट गोष्ट: त्या हात वर केलेल्या माणसाबरोबर मला दिसायचं नव्हतं. तात्यांचा आवाज चिरकायला लागला होता. ते घाबरले होते. मी त्यांना त्यापूर्वी घाबरलेलं कधी पाहिलं नव्हतं. मी खांबाआड सरकलो, वळलो, आणि आलो त्या वाटेने पूल ओलांडून चालू लागलो. हाक बराच वेळ पाठीवर येत राहिली. मी टोपी कानांवर ओढली.

हॉटेलात जाऊन बसलो. बऱ्याच वेळाने पोलीस तात्यांना घेऊन आले. हॉटेलचं नाव असलेलं खोलीचं कार्ड त्यांच्या सदऱ्याच्या खिशात सापडलं होतं. मी धावत पुढे गेलो, पासपोर्ट दाखवला, इंग्रजीत आभार मानले. शोधून शोधून थकलो, म्हणालो. त्यातला एक भला माणूस होता. त्याने विचारलं, हे सारखे 'इलास' म्हणत होते, त्याचा अर्थ काय? मी म्हणालो, आमच्याकडे अशी हाक मारायची पद्धत आहे.

लिफ्टमध्ये मी तात्यांकडे पाहिलं. त्यांचे ओठ निळसर पडले होते. खोलीत आल्यावर म्हणाले, "मी लई हाका मारल्या रं."

"ऐकू नाही आल्या तात्या. वारा केवढा होता."

"वारा व्हताच," ते म्हणाले, आणि भिंतीकडे तोंड करून पडले. दुसऱ्या दिवशी बैठक पार पडली, माल घ्यायचं ठरलं. गावात आमचा सत्कार झाला. तिथेच मी पहिल्यांदा ती गोष्ट रंगवून सांगितली. तात्या पुढच्या रांगेत बसून खाली बघत हसत होते.

इथवरच असतं तर कदाचित मी गप्पच राहिलो असतो. पण गेल्या महिन्यात काकू, म्हणजे तात्यांची बायको, आमच्याकडे आल्या आणि रडायला लागल्या. तात्या आता दिवस मावळल्यावर हाक न मारता उसातून येतात. परवा वस्तीवरचं वासरू बिबट्याने नेलं, तरीही. काकूंनी खोदून विचारलं, तर म्हणाले, "माजा आवाज पोचत न्हाई आता. तिकडंच कळलं मला. पोचत न्हाई तर वरडायचं कशाला?"

मी फक्त काकूंना पाणी दिलं.

काल संध्याकाळी मी ओट्यावर उभा होतो. समोर ऊस काळा पडत चालला होता. मधल्या पायवाटेने एक बॅटरी हलत येत होती, आवाज न करता. चाल तात्यांची. बॅटरी उसाच्या दाट भागात शिरली आणि दिसेनाशी झाली. घशातून हाक कशीबशी निघाली, लहानपणी निघायची तशी, "तात्याऽऽ."

"ओऽऽ," उसातून लगेच आवाज आला. "हाये रं इलास. काय झालं?"

मी म्हणालो, काही नाही.