माहितीसाठी प्रत

कोणताही कागद हातात दिला की नाना आधी चष्मा काढत, सदऱ्याच्या टोकाने सावकाश पुसत, परत नाकावर चढवत, कागद हातभर लांब धरत आणि म्हणत, "असं नसतं."

वाचायच्या आधीच म्हणत.

तुमच्याही गल्लीत असा एक माणूस होऊन गेला असेल. आमच्या जळगावच्या गल्लीत हे होते. कुठल्याशा कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. नाव सांगत नाही, घरची माणसं अजून आहेत. सगळे नाना म्हणत, म्हणून मीही म्हणते. मला ते कधीच आवडले नाहीत, हे आधीच सांगून टाकते. पुढे माझ्याकडून निवाड्याची अपेक्षा ठेवू नका.

एकदा फैजपूरकडचे एक केळीवाले शेतकरी विहिरीवरच्या वीजजोडणीचा अर्ज लिहून घ्यायला आले. नानांनी त्यांना तीन खेपा घालायला लावल्या. कारण काय, तर त्यांनी आणलेल्या कच्च्या अर्जात डावीकडे समास पुरेसा सोडला नव्हता. दुसऱ्या वेळी समोरच्या घरातले आजोबा गेले. त्यांचा मुलगा नातेवाइकांना पाठवायच्या कार्डाचा मजकूर दाखवायला आला, डोळे सुजलेले. नानांनी कागद लांब धरला. "असं नसतं. 'दुःखद निधन' कशाला? निधन दुःखदच असतं." आणि लाल पेनाने 'दुःखद' खोडलं.

घराच्या ओट्यावर त्यांची खुर्ची आणि टाइपरायटर. येणाऱ्यांसाठी खाली एक बाक, म्हणजे येणारा आपोआप एक वीत बुटका. आतून त्यांची बायको पाण्याचा तांब्या आणून ठेवी आणि एक अक्षर न बोलता परत जाई. तिला आम्ही अक्का म्हणायचो. तिचा आवाज कसा आहे हे गल्लीत कुणाला नीट माहीत नव्हतं.

या माणसाकडे मला जावं लागलं ते जोसेफसाठी.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. मी मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवत होते. त्याआधी पुण्याला एम.एस्सी. केलं, तेव्हा जोसेफ तिथेच शेतकीचा अभ्यास करत होता. टांझानियाचा. हातगाडीवाल्याशी मराठीत घासाघीस करायचा आणि हरायचा. शिक्षण संपवून तो दार-ए-सलामला परत गेला, मी जळगावला आले. मग तीन वर्षं नुसती पत्रं. निळी, घडीची, चारी कडांनी लिहिलेली.

घरात मी आणि आबा, म्हणजे माझे वडील. आई मी शाळेत असतानाच गेली. आबा एस.टी.च्या डेपोत मेकॅनिक होते, मूळ नरडाण्याकडचे. घरात अहिराणीच बोलत. मी एका रविवारी सगळं सांगून टाकलं. फोटो दाखवला. आबांनी फोटो बराच वेळ पाहिला आणि म्हणाले, "माणूसले देखू तर खरं. देखाबिगर हा बी नही, ना बी नही."

मी याच्या तयारीत नव्हते. मी भांडणाच्या तयारीत होते.

तर माणूस दाखवायचा, म्हणजे माणूस इथे यायला हवा. जोसेफने तिथल्या आपल्या वकिलातीत चौकशी केली. पाहुणा म्हणून व्हिसा मिळेल, पण ज्यांच्या घरी उतरणार त्यांचं बोलावण्याचं पत्र हवं: राहण्याची सोय आमची, जबाबदारी आमची, मुदतीत परत जाईल याची हमी आमची. ते पत्र आबांच्या सहीचं आणि इंग्रजीत.

मी लिहिलं असतं. पण आबांचा सरकारी कागदावर धाक. "नानाकडे जाऊत," म्हणाले. नाना म्हणे परदेशचे जाणकार. त्यांचा पुतण्या लंडनला होता, आणि ते वाक्याआड लंडन आणत.

आम्ही बाकावर बसलो. मी माझा मराठीतला मसुदा दिला. चष्मा, सदरा, हातभर अंतर.

"असं नसतं. कोणता देश?"

"टांझानिया."

"हं." त्यांनी आबांकडे पाहिलं. "लंडन असतं तर एका कागदात काम होतं, भाऊ. हे प्रकरण वेगळं." मग माझ्याकडे वळून, "मास्तरीणबाई, हा इथे काय शब्द लिहिलाय? वाग्दत्त? हा शब्द आपल्या खान्देशात चालत नाही."

"मग काय चालतं?"

"कौटुंबिक स्नेही." त्यांनी लाल रेघ ओढली.

माझ्या तीन वर्षांवर ती रेघ होती. मी गप्प बसले, त्याचा राग मला अजून येतो.

त्यानंतर दीड महिना आम्ही त्या बाकावर जात राहिलो. एकदा कागद आखूड पडला. एकदा आबांची सही खालच्या ओळीला टेकली. एकदा नानांना 'आपला विश्वासू' की 'आपला आज्ञाधारक' यावर विचार करायला आठ दिवस लागले. दर वेळी मला मात्र नवे प्रश्न. तो कोणता धर्म पाळतो? तिकडे त्याची आणखी किती लग्नं झालीत? ते लोक काय खातात? "तसं नव्हे, मला काही नाही, पण कागदाला विचारावं लागतं." जणू कागदच बाकावर येऊन बसला होता आणि त्यालाच आमच्या घरातलं ऐकायचं होतं. आबा मान खाली घालून टोपीची शिवण चाचपत राहायचे.

शेवटी पत्र झालं. "रजिस्टरने मी स्वतः पाठवतो," नाना म्हणाले. "तुमच्याकडून पत्ता चुकेल."

दहाबारा दिवसांनी पोस्टमनने आमच्या घरी एक पाकीट टाकलं. आत टाइप केलेल्या पानाची कार्बनप्रत. हे दुसरंच इंग्रजी पत्र नानांनी स्वतःच्या नावाने वकिलातीला लिहिलं होतं. मुलीचे वडील भोळे आहेत, घरात आई नाही, मुलगी वयाने वाढलेली असल्याने तिची दिशाभूल होण्याचा संभव आहे, सदर इसमाच्या हेतूची कसून चौकशी व्हावी. खाली सही, हुद्दा, त्यापुढे निवृत्त. आणि डाव्या कोपऱ्यात आबांचं नाव: माहितीसाठी प्रत.

ही अक्कल बघा. माणूस चुगली करतो तर लपवून करतो. या गृहस्थांनी चुगलीही नियमानुसार केली, आणि ज्याची केली त्याला प्रत पाठवली. वर तिकीट स्वतःचं.

मी ओरडत नानांच्या घराकडे निघाले. आबा मागून आले, मला बाकावर बसवलं आणि स्वतः उभे राहिले. त्यांनी कार्बनप्रत पुढे केली.

"नाना, हाई मराठीमा वाची दखाडा."

आणि नानांनी वाचलं! मला वाटलं होतं ओशाळतील, काही सारवासारव करतील. त्यांनी चष्मा पुसला आणि वाक्यावाक्याचं मराठी करून खणखणीत आवाजात वाचलं. 'दिशाभूल' या शब्दापाशी थांबून म्हणाले, "इथे आणखी चांगला शब्द बसला असता." दारात अक्का तांब्या घेऊन आली होती, ती तशीच उभी राहिली.

"तुम्ही मले इचारं का?" आबांनी विचारलं.

"असं विचारायचं नसतं, भाऊ. हे कर्तव्य असतं. आणि प्रत दिली ना तुम्हाला? पाठीमागून काही केलं नाही मी."

आबा पाणीही न पिता ओट्यापासून मागे वळले. आमच्याकडे कुणाच्या घरचं पाणी नाकारून निघणं म्हणजे काय, हे खान्देशात सांगावं लागत नाही.

महिन्याभरात जोसेफचं पत्र आलं. फाइल थांबली होती. पण तिथल्या अधिकाऱ्याने त्याला समोर बसवून दोन्ही पत्रं दाखवली आणि सांगितलं, मुलीच्या वडिलांना म्हणावं, त्यांना जे वाटतं ते त्यांच्याच शब्दांत लिहून पाठवा. इंग्रजी नसलं तरी चालेल.

त्या संध्याकाळी आबांनी मला शाळेच्या वहीचा आखीव कागद घ्यायला सांगितलं. "मी सांगस, तू लिख." मी लिहिलं, जसंच्या तसं, अहिराणीत, खाली माझं इंग्रजी भाषांतर. मन्ह्या घरमा दोन खोल्या शेतस. एक त्याले देसू. पोर मन्ही एकच शे, ती सांगस का हाऊ माणूस चांगला शे. मी अख्खं आयुष्य इंजिन उघाडीसन देखं, मंग बोलनू. माणूसबी तसाच देखसू. त्याले धाडा.

समास सोडायचा राहून गेला.

चार महिन्यांनी व्हिसा आला. सहा आठवड्यांचा.

जोसेफ जळगाव स्टेशनवर उतरला तेव्हा आबांनी त्याच्या हातातली एक बॅग घेतली, त्याने आबांच्या हातातली छत्री घेतली, आणि दोघं टांग्यापर्यंत चालत गेले. गल्लीत दारंखिडक्या भरलेल्या. चहा होतोय तोवर कोण यावं? इस्त्रीच्या सदऱ्यात नाना. हात पुढे करून इंग्रजीत म्हणाले, "तुमची कागदपत्रं मीच केली."

निर्लज्जपणा एवढा स्वच्छ असू शकतो हे मला माहीत नव्हतं. जोसेफने उठून त्यांचा हात हातात घेतला आणि पुण्याच्या मराठीत म्हणाला, "हो नाना, तुमचं पत्र मी वाचलं. दोन ठिकाणी स्पेलिंग चुकलंय."

जोसेफने सोडला तरी नानांचा हात हवेतच राहिला. कुठे चुकलंय, हेही त्यांना विचारवेना. चहा अर्धा टाकून गेले.

आबांनी नऊ दिवस घेतले. जोसेफला रोज मेहरूणच्या तळ्यापर्यंत फिरायला नेत. डेपोत नेलं, उघडं इंजिन दाखवलं. दहाव्या दिवशी सकाळी मला म्हणाले, "चहा पीसन कप सोता धोस. माणूस बरा शे. कर लगीन."

नोंदणी लग्नाची नोटीस महिनाभर लागते. व्हिसाचे तेहेतीस दिवस उरले होते. त्याच दिवशी आम्ही अर्ज दिला. आबांनी हट्टाने तो स्वतःच्या हाताने मराठीत भरला, आम्ही आनंदात न वाचताच सह्या केल्या. नोटीस कचेरीच्या फळ्यावर लागली.

दुसऱ्या दिवशी भर दुपारी नाना आमच्या दारात. आत आले नाहीत. उन्हातून चालत आल्याने धापा टाकत होते.

"नोटीस पाहून आलो. नाव चुकलंय."

जोसेफचं आडनाव म्वांगा. आबांना तो पहिला 'म' कधी उच्चारता आला नाही, म्हणून त्यांनी लिहिलाही नव्हता. फळ्यावर छापील अक्षरांत होतं: वांगा. जिथे वांग्याच्या भरितावर पंक्ती उठतात त्या गावात.

"हसू नका," नाना म्हणाले. "दाखल्यावर हेच नाव येईल. पासपोर्टावर वेगळं. मग पोरीला उद्या नवऱ्याकडे जायला व्हिसा कोण देईल? आजच दुरुस्त केलं तर मुदत बसते." मग दाराच्या चौकटीकडे बघत, "अर्ज टाइप करून आणलाय. फक्त सही हवी."

ते फळ्यापाशी चुका शोधायलाच गेले होते, यात मला शंका नाही. जोसेफने दुखावलेला अभिमान घेऊन गेले होते. मोडता घालण्याजोगी सापडली असती तर हरकतही घेतली असती. पण चूक सापडली ती अशी की ती दुरुस्त केल्याशिवाय त्यांना जेवण गेलं नसतं. कागद त्यांच्या द्वेषापेक्षा मोठा निघाला. आम्ही धावत गेलो, नाव दुरुस्त झालं, एकतिसाव्या दिवशी आम्ही नवरा-बायको झालो. आबांनी नानांना पेढे दिले. मी दिले नसते. मी त्यांचे आभारही मानले नाहीत, आणि आजही मानत नाही.

पुढच्या वर्षी मी दार-ए-सलामला गेले. दाखल्यावरचं नाव पासपोर्टाशी जुळत होतं. खिडकीतल्या बाईने दोनदा ताडून पाहिलं आणि शिक्का मारला. तेव्हा नाना आठवले, आणि आठवल्याचा राग आला.

पाच-सहा वर्षांनी आबांना भेटायला आले तेव्हा नाना नव्हते. हिवाळ्यात गेले, आबा म्हणाले. मला काहीतरी वाटेल म्हणून मी थांबून पाहिलं. काही वाटलं नाही. तरी अक्काला भेटायला गेले, रीत म्हणून.

ओट्यावर टाइपरायटर नव्हता. खुर्ची होती, आणि खुर्चीत मांडी घालून अक्का बसली होती. लसूण सोलत होती. मी सवयीने बाकावर बसायला गेले तर म्हणाली, "तठे नको. वर ये." आणि आतून दुसरी खुर्ची आणवली.

तिचा आवाज भरदार होता. तिने मला समुद्र विचारला. तिथे केळी कशी लागतात ते विचारलं. विमानात कान दुखतात का ते विचारलं. नानांबद्दल एकच बोलली: "त्यासना पासपोर्ट नव्हताच. लंडनवाला पुतण्या बलावे, हाई कागदच पाहत ऱ्हायनात."

मग लसणाची सालं फुंकून उडवली आणि माझ्याकडे वाकून विचारलं, "पासपोर्ट काढाले काय काय लागस वं?"

"कुठे जायचंय अक्का?"

"कोठे बी नही माय," ती म्हणाली. "काढी ठेवसू."

मी पर्समधून पेन काढलं आणि विचारलं, "नाव काय लिहू?" तिने ते पूर्ण सांगितलं, आधी स्वतःचं, मग वडिलांचं. इतक्या वर्षांत मी ते पहिल्यांदाच ऐकत होते.