नाळेतलं रक्त

आज सकाळी काचेपलीकडून ताईने दोन्ही हात उंच केले आणि नर्स बाहेर येऊन म्हणाली, “रुजलं हो!” मी धावत जाऊन काचेजवळचा फोन उचलला.

ताईला रक्ताचा कर्करोग. आम्हा भावंडांपैकी कुणाच्याच पेशी जुळल्या नाहीत, म्हणून एका अनोळखी बाळाच्या नाळेतलं, जपून ठेवलेलं रक्त तिला दिलं. मोठ्या माणसात ते रुजायला वेळ लागतो, असं डॉक्टर म्हणाले होते. महिनाभर आम्ही रोज रिपोर्टमध्ये नव्या पेशी दिसतात का ते शोधायचो.

नाळ म्हणजे बाळंतपणानंतर टाकून द्यायची गोष्ट. कुण्या आईने ती दिली आणि विसरूनही गेली असेल. तिचं लेकरू आता शाळेत जात असेल. त्या दोघांना ताई कधीच कळणार नाही.

आतल्या फोनवरून ताईचा आवाज आला, “रडतेस काय वेडे? मला भूक लागलीय.”