चार गावांचं लेथ मशीन

इंद्रभानला लोक 'सर' म्हणायला लागले तेव्हा त्याची आई अंजनाबाई वस्तीभर सांगत फिरली. फिरणारच. घराण्यात आजवर कुणी पगाराचं तोंड पाहिलं नव्हतं. छप्पन साली बापानं नागपूरला जाऊन दीक्षा घेतली, घरातले देव नदीत सोडले आणि पोराला शाळेत घातलं. पोरगं पुढे अकोल्याला टर्नरचं, म्हणजे लेथवर लोखंड कातायचं, काम शिकलं आणि वाशीमला दौलतरावांच्या तांत्रिक विद्यालयात शिक्षक म्हणून लागलं.

दौलतराव म्हणजे मोठे जमीनदार, जिनिंगचे मालक. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडून लोकांचे हात सोलले होते. शेतीवरचा भरवसा उडाला होता आणि पोराला कुठल्यातरी कारखान्यात चिकटवावं असं जो तो म्हणत होता. दौलतरावांनी ते बरोबर हेरलं. आधी वाशीमला पाटी लागली, मग मंगरूळपीरला, मग मानोऱ्याला, मग अनसिंगला. फी घसघशीत, खोल्या भाड्याच्या. चारी ठिकाणी टर्नरचा वर्ग, आणि चार वर्गांत मिळून लेथ मशीन एक.

हसू नका, हे खरोखर चाललं आणि झोकात चाललं. मंगरूळपीरला तपासणीचे साहेब येणार म्हटलं की मशीन जिनिंगच्या ट्रकवर चढायचं. वरून सरकीची पोती पडायची, आणि साहेब चहा घेईपर्यंत ते तिथल्या सिमेंटच्या ओट्यावर बोल्ट कसून उभं असायचं. साहेब गेले की पुन्हा ट्रक. पोरांना सांगायचं, दुरुस्तीला गेलं. कुठल्या गावी मशीन कधी न्यायचं ते सगळं इंद्रभान ठरवायचा.

त्याला ते टोचत नव्हतं असं नाही. एकदा तो बोललाही.

"मालक, मानोऱ्याच्या पोरायनं अजून मशीन फिरताना पाह्यलं नाही. फळ्यावर चित्र काढून किती दिवस शिकवू?"

"सरकारची मान्यता येऊ दे, चारी गावात नवं मशीन घेतो," दौलतराव म्हणाले. "तू काहून घाबरून राह्यला?"

नव्या मशीनवर इंद्रभानचा विश्वास बसला, कारण तो बसवून घेणं सोयीचं होतं. नोकरी कुणाला नको असते?

मानोऱ्याचा वर्ग भरवला होता तोही त्यानंच. तिथले बंजाऱ्यांचे तांडे हंगाम आला की ऊसतोडीला निघून जात, पोराबाळांसकट. दौलतरावांनी त्यालाच तिकडे पाठवलं. तो प्रेमसिंग नाईकाच्या दारात जाऊन बसला. नाईक हा तांड्याचा प्रमुख, त्याच्या होकाराशिवाय तिथं काही होत नसे.

"माहा बाप सालदार होता, नाईक," इंद्रभान म्हणाला. "मी शिकलो, पगारावर लागलो. तुमच्या पोरायनं काहून जनमभर कोयता धरावा?"

मग प्रेमसिंगनं आपला सेवालाल धाडला, आणि नाईकाचा मुलगा गेला म्हणून बाकीची पोरंही गेली. त्या हंगामात ती पोरं तोडीला गेली नाहीत. त्यांच्या वाटच्या मोळ्या म्हाताऱ्यांनी डोक्यावर घेतल्या.

पंच्याहत्तरचा दसरा आला. आदल्या दिवशी, खंडेनवमीला, आपल्याकडे हत्यारांची पूजा होते. शेतकरी नांगर पुजतो, दुकानदार तराजू पुजतो, एसटीचा ड्रायव्हरसुद्धा गाडीला झेंडूची माळ घालतो. आधीच्या वर्षांत दौलतराव नवमी ध्यानात धरून मशीन वाशीमला ठेवत आणि बाकीकडे सुट्टी देत. यंदा शाखा वाढल्या आणि सुट्ट्या लावायचं कामही त्यांनी इंद्रभानच्या गळ्यात टाकलं. इंद्रभानच्या घरातून ती पूजा कधीच गेली होती. त्याचा दसरा म्हणजे दीक्षाभूमी. त्यानं दसऱ्याची तेवढी सुट्टी लावली, मशीन अनसिंगला राहू दिलं आणि रजा टाकून नवमीच्या सकाळीच आईला घेऊन नागपूरची एसटी धरली. नवमी त्याच्या ध्यानातही आली नाही.

त्याच सकाळी मानोऱ्याला आईबाप नारळ, हळदकुंकू, झेंडू घेऊन शाळेच्या दारात उभे राहिले. कुणी बोलावलं नव्हतं. पोरांचं हत्यार आहे, त्याला पुजायला नको? शिपाई मारोतराव भाबडा माणूस, त्यानं कुलूप काढलं. आत मोकळा ओटा आणि त्यावर वर आलेले चार बोल्ट.

"दुरुस्तीले गेलं," मारोतराव पुटपुटला.

"नवमीले?" तांड्यावरची रंगूबाई कडाडली. "नवमीले हत्यार कोनी घराबाहेर ठेवते का?"

मंडळी तशीच एसटीनं मंगरूळपीरला गेली. तिथंही आईबाप हातात नारळ घेऊन मोकळ्या ओट्यापुढे उभे. वाशीमलाही तेच. मग कुणाला काही समजावून सांगावं लागलं नाही. दुसऱ्या दिवशी चारी गावांत बोभाटा झाला.

इंद्रभान परतला तेव्हा दौलतरावांनी कानांवर हात ठेवले होते. मशीनचं सगळं सर पाहत होते, असं म्हणून ते मोकळे झाले. मान्यता बारगळली. दिवाळीपर्यंत चारी पाट्या उतरल्या आणि वर्गांत कापूस भरला गेला. दौलतरावांचं काय बिघडलं? काही नाही.

इंद्रभानला राहवेना. तो तांड्यावर गेला. तोडीचा ट्रक उभा होता, भांडीकुंडी चढत होती. सेवालाल टपावरून दोर आवळत होता. त्यानं सरांकडे पाहिलं आणि पुन्हा गाठीकडे मान वळवली.

"नाईक, माफ करा," इंद्रभान म्हणाला. "मले खरंच वाटे, नवं मशीन येईन."

प्रेमसिंग रागावला नाही. रागावला असता तर फार बरं झालं असतं.

"दौलतरावच्या शब्दावर मी बकरीचं पिल्लू नसतं धाडलं," तो शांतपणे म्हणाला. "तुमी आमच्यासारखे, गरिबाघरचे. तुमी आले म्हनून पोरं देल्ली."

दौलतरावांनी आपल्यालाच तांड्यावर का धाडलं, ते इंद्रभानला आत्ता कळलं. त्यांना त्याचं टर्नरचं काम नको होतं, त्याची गरिबी हवी होती.

ट्रक गेला. इंद्रभान पुढे वाशीमला एका लोहाराच्या दुकानात कामाला लागला. त्यानंतर त्यानं कुणाच्याच पोराला शीक म्हणून सांगितलं नाही. स्वतःचा मुलगा सहा वर्षांचा झाला तेव्हा त्याचं नाव घालायला बायको भागिरथा एकटी शाळेत गेली. हा घरीच बसून राहिला.